इंजिन ठेवायचे कुठे? इटालियन स्पोर्ट्स कारच्या पाऊणशे वर्षांची उकल

ऑक्टोबर २०२५ मध्ये इटलीतल्या मारानेल्लो या गावी फेरारी कंपनीने आपल्या पहिल्या विजेवरच्या गाडीचा नुसता सांगाडा पत्रकारांसमोर मांडला. गाडीचे बाह्य रूप अजून गुलदस्त्यात होते. दाखवल्या त्या चार मोटरी, १२२ किलोवॅट-तास क्षमतेची बॅटरी आणि त्यांना धरून ठेवणारी अ‍ॅल्युमिनियमची चौकट. ही बातमी वाचून अनेकांनी साहजिकच विचारले, की जी कंपनी इंजिनासाठी आणि त्याच्या आवाजासाठी ओळखली जाते, तिने इंजिनच काढून टाकले तर मागे उरते काय?

या गाड्यांमध्ये इंजिन काय काम करत होते आणि ते कुठे बसवले जात होते, हे समजून घेतल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. इटालियन वेगवान गाड्यांबद्दल लिहिताना लाल रंग, बोधचिन्हांवरचे घोडा-बैल आणि मालकांच्या अहंकाराच्या गोष्टी यांतच बरेचसे लेख संपतात. माझ्या मते हा इतिहास मुळात एका अवजड वस्तूची जागा ठरवण्याचा इतिहास आहे, आणि तो तसा वाचला की आजची विजेची बातमीही त्याच ओळीत पुढे बसते.

वेगासाठी लागते काय?

स्कूटरवर मागे बसून हात बाजूला धरला, की वेग वाढेल तसा वारा तो हात मागे ढकलू लागतो. हवेचा हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो. शिवाय तो चौपट विरोध दुप्पट वेगाने कापायचा असल्यामुळे लागणारी ताकद आठपट होते. ताशी १०० किलोमीटरवरून २०० वर जायचे तर हवेशी झुंजण्यासाठी आठपट ताकद हवी, आणि २०० वरून ३०० वर जायचे तर त्याहीवर आणखी सुमारे सव्वातीन ते साडेतीन पट. सर्वोच्च वेगाचे शेवटचे काही किलोमीटर इतके महाग का पडतात, ते यावरून कळते.

पण शर्यत केवळ सरळ रस्त्यावर होत नाही. थांबलेली गाडी झटकन वेग घेते का, वळणाआधी वेळेवर थांबते का आणि वळणात चालकाचे ऐकते का, हे हवेपेक्षा वजनावर ठरते. त्यातही दोन वेगळे प्रश्न आहेत: वजन किती, आणि ते गाडीत कुठे. पहिला प्रश्न कोणालाही सुचतो. दुसऱ्याचे पूर्ण उत्तर सापडायला मोटारींच्या जगाला बराच काळ लागला.

बारा लहान भांडी

एन्झो फेरारी यांचा जन्म १८९८ चा, मोदेना शहरातला. १९२९ मध्ये त्यांनी शर्यतीचा संघ काढला तो आल्फा रोमिओच्या गाड्या पळवण्यासाठी. स्वतःच्या नावाची पहिली गाडी त्यांनी १९४७ मध्ये बाहेर काढली. तिचे नाव १२५ एस, आणि हा १२५ आकडा तिच्या एका सिलिंडरच्या क्षमतेचा आहे. सिलिंडर म्हणजे इंजिनातले ते नळकांडे, ज्यात इंधनाचा स्फोट होऊन आतला दट्ट्या खाली ढकलला जातो. आपल्याकडच्या १२५ सीसीच्या स्कूटरमध्ये असे एक नळकांडे असते. जोआक्किनो कोलोंबो या अभियंत्याने तेवढीच बारा नळकांडी सहा-सहाच्या दोन ओळींत, इंग्रजी व्ही अक्षरासारखी तिरपी मांडली. एकूण क्षमता झाली दीड लिटर.

दीड लिटरसाठी बारा भांड्यांचा खटाटोप कशाला, चार मोठी का नकोत? मोठ्या वरवंट्यापेक्षा लहान बत्ता भराभर वरखाली करता येतो, तसा लहान दट्ट्या हलका असल्याने अधिक वेगाने पळतो, आणि इंजिन मिनिटाला जितके अधिक फेरे घेईल तितकी त्याच क्षमतेतून अधिक ताकद निघते. १२५ एस मध्ये ११८ अश्वशक्ती होती. आज आपल्या रस्त्यांवरच्या दीड लिटरच्या साध्या पेट्रोल गाड्यांची ताकद साधारण एवढीच असते. फरक इतकाच की फेरारीने ती पाऊणशे वर्षांपूर्वी काढली, आणि जी गाडी ओढायची होती तिचे वजन होते फक्त ६५० किलो.

बारा सिलिंडरांचा आवाजही या हिशेबातच बसतो. अशा इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्यात सहा स्फोट होतात. मिनिटाला ८,००० फेरे असतील तर सेकंदाला ८०० स्फोट. पेटीवर पांढरी एक धरून षड्ज लावला, तर हा साधारण तार सप्तकातला पंचम होतो. बारा सिलिंडरांची फेरारी गाते असे रसिक म्हणतात ते अगदीच काव्य नाही. वेग वाढताना ती खरोखरच एक लांब मींड घेत वर चढते.

१२५ एस पहिल्याच शर्यतीत, मे १९४७ मध्ये प्याचेंझा येथे, इंधनाच्या पंपाने दगा दिल्यामुळे बंद पडली. दोन आठवड्यांनी फ्रांको कोर्तेझे यांनी तीच गाडी रोमच्या शर्यतीत पहिली आणली.

पत्रा ठोकणारी माणसे

इंजिन मोदेनाच्या परिसरात तयार होई, पण गाडीचे अंग बहुधा दुसराच कोणी घडवत असे. त्या धंद्याला इटालियनमध्ये कारोत्सेरिया म्हणतात. मूळ अर्थ घोडागाड्या बांधणाऱ्यांचा कारखाना. तुरिनमध्ये पिनिनफरिना आणि बेर्तोने, मिलानमध्ये तुरिंग आणि झगातो, मोदेनात स्काल्येत्ती. ज्यांनी पुण्याच्या तांबट आळीत कारागिराला तांब्याच्या पत्र्यावर हातोडीने ठोके घालून घंगाळ्याला आकार देताना पाहिले आहे, त्यांना स्काल्येत्तीच्या कारखान्यात काय चालत असेल हे सांगायला नको. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा वाळूच्या पिशवीवर ठेवून, ठोकून ठोकून गोलाई आणायची आणि डोळ्यांनी तपासायची. त्यामुळे एकाच नमुन्याच्या दोन गाड्यांची मापे पुष्कळदा तंतोतंत जुळत नसत.

यातल्या पिनिनफरिनाचा धागा आता मुंबईत आला आहे. महिंद्रा समूहाने २०१५ मध्ये ही कंपनी घेण्याचा करार केला, आणि पुढे त्याच समूहाच्या ऑटोमोबिली पिनिनफरिना या कंपनीने बातिस्ता ही १,९०० अश्वशक्तीची विजेवरची गाडी बाजारात आणली. जिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या इंजिनांना अंगरखे शिवले, तिच्या नावाची स्वतःची गाडी बिनइंजिनाची निघावी, यात थोडी गंमत आहे.

कावड आणि हंडा

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कावडीच्या दोन टोकांना पाण्याने भरलेल्या दोन घागरी लटकवून चालणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. त्याचा तोल उत्तम असतो, कारण दोन्हीकडे सारखे वजन आहे. पण त्याला चटकन मागे वळायला सांगा. घागरी आधी वळायला तयार नसतात, आणि एकदा वळू लागल्या की थांबायला तयार नसतात. आता तेवढेच पाणी एका हंड्यात डोक्यावर घेतलेली बाई पाहा. तीही तितकेच वजन वाहते, पण जागच्या जागी सहज वळते. वजन अक्षापासून जितके दूर तितकी वळण्याला आडकाठी जास्त; पदार्थविज्ञानात या आडकाठीला जडत्व आघूर्ण म्हणतात. हा शब्द इथेच सोडून देऊ आणि कावड व हंडा तेवढे लक्षात ठेवू.

जुन्या गाड्यांत इंजिन नाकाशी, बॉनेटखाली असे. फेरारीने १९६४ च्या २७५ जीटीबी मध्ये गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी नेली. त्याने तोल सुधारला, पण ती तोललेली कावडच होती. हंड्याचा मार्ग म्हणजे इंजिन चालकाच्या पाठीमागे आणि मागच्या चाकांच्या पुढे, म्हणजे गाडीच्या मधोमध ठेवणे.

ही कल्पना शर्यतीत रुजवली ती कूपर या छोट्या इंग्रज कारखान्याने. जॅक ब्रॅबहॅम यांनी १९५९ आणि १९६० अशी लागोपाठ दोन वर्षे कूपरच्या मध्य-इंजिन गाडीतून फॉर्म्युला वनचे विजेतेपद मिळवले, तेही फेरारीपेक्षा कमी ताकदीच्या इंजिनाने. एन्झो फेरारी अशा इंग्रजांना तुच्छतेने ‘गॅरेजवाले’ म्हणत, आणि घोडा गाडी ओढतो, ढकलत नाही, असे त्यांचे मत सांगितले जाते. ऐकायला हे बिनतोड वाटते, पण त्यात एक चूक आहे. घोडा गाडीच्या बाहेर असतो, तर इंजिन गाडीच्या पोटात बसते आणि वळताना त्यालाही वळावे लागते. पराभवाने मते बदलतात. १९६१ मध्ये फेरारीने शर्यतीसाठी मध्य-इंजिन गाडी आणली आणि फिल हिल यांनी तिच्यावर विजेतेपद घेतले. रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाला मात्र अशी गाडी विकणे एन्झो यांना धोक्याचे वाटत होते, आणि त्यात ते अगदीच चूक नव्हते. ते पुढे येईल.

ही संधी साधली ती शेजारच्याने. फेरुच्चो लॅम्बोर्गिनी ट्रॅक्टर बनवून श्रीमंत झालेले कारखानदार. त्यांच्या फेरारीचा क्लच बिघडला, ते तक्रार घेऊन गेले आणि अपमानित होऊन परतले, ही गोष्ट प्रत्येक पुनरावृत्तीत थोडी रंगत गेली आहे. नोंदीतला भाग असा की १९६३ मध्ये त्यांनी सांतआगाता बोलोन्येझे येथे मोटारींचा कारखाना काढला आणि फेरारीतून बाहेर पडलेल्या जोत्तो बिझ्झारिनी यांच्याकडून बारा सिलिंडरांचे इंजिन करून घेतले. तिथल्या जानपाओलो दाल्लारा, पाओलो स्तान्झानी आणि बॉब वॉलेस या तिशीच्या आतल्या तिघांनी ते इंजिन चालकाच्या पाठीमागे ठेवायचे ठरवले. पण बारा सिलिंडरांचे इंजिन लांबलचक असते, आणि ते उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, ठेवले तर गाडी फार लांब होणार. मग त्यांनी ते आडवे केले. इंग्लंडच्या छोट्याशा मिनी गाडीत इंजिन आडवे असते आणि गिअर त्याच पेटीत असतात. तीच युक्ती चार लिटरच्या बारा सिलिंडरांना लावली.

नोव्हेंबर १९६५ मध्ये तुरिनच्या प्रदर्शनात लॅम्बोर्गिनीने या गाडीचा नुसता सांगाडा मांडला. त्यावर अंग नव्हते, वजन कमी करायला पाडलेली असंख्य भोके उघडी दिसत होती, आणि लोक त्याभोवती गर्दी करून उभे होते. मारानेल्लोतला विजेचा सांगाडा त्यानंतर जवळजवळ साठ वर्षांनी आला. बेर्तोनेतल्या मार्चेल्लो गांदिनी यांनी त्यावर अंग चढवले आणि मार्च १९६६ मध्ये जिनिव्हात गाडी पूर्ण झाली. लढाऊ बैलांची पैदास करणाऱ्या स्पॅनिश घराण्यावरून तिचे नाव ठेवले मिउरा. ताकद ३५० अश्वशक्ती, उंची जेमतेम एक मीटर आणि थोडी. आज जिला सुपरकार म्हणतात त्या जातीची ही मूळ पुरुष, असे बहुतेक जाणकार मानतात आणि मलाही ते पटते.

इतके चांगले, तर सगळ्यांनी का नाही केले?

शंका रास्त आहे. मिउराच्या मालकांना विचारले असते तर त्यांनी उत्तर दिले असते. इंजिन डोक्यामागे असल्याने आवाज आणि उष्णता थेट आत येई. सामानाला जागा नव्हती. सुरुवातीच्या गाड्यांत इंजिन आणि गिअर एकाच तेलात चालत, त्यामुळे गिअरांचा लोखंडी चुरा इंजिनाच्या नाजूक भागांत फिरे. पेट्रोलची टाकी पुढे होती. ती रिकामी होत गेली की नाक हलके होऊन मोठ्या वेगात वर उचलले जाऊ लागे.

सर्वांत मोठी अडचण हंड्यातच आहे. कावडवाला हळूहळू वळतो, म्हणून तो घसरू लागला तरी सावरायला क्षणभर मिळतो. हंडेवाली चटकन वळते, म्हणून पाय निसटला तर चटकनच पडते. मध्य-इंजिन गाडीची मागची चाके घसरली की ती भिंगरीसारखी फिरते, आणि हौशी चालकाला त्या वेगाने स्टिअरिंग उलटे फिरवता येत नाही. एन्झो यांची धास्ती ती हीच. म्हणून मिउरा येऊन दोन वर्षे झाल्यावरही, १९६८ मध्ये, फेरारीने ३६५ जीटीबी-४ ही गाडी पुढच्याच इंजिनाची काढली. लोक तिला डेटोना म्हणतात. ताशी २८० किलोमीटरच्या आसपास वेग असल्याने ती मिउरापुढे मुळीच कमी पडली नाही. पुढच्या इंजिनाची परंपरा अजूनही जिवंत आहे. २०२४ च्या फेरारी १२चिलिंद्री मध्ये साडेसहा लिटरचे बारा सिलिंडरांचे इंजिन पुढेच आहे, फक्त ते पुढच्या चाकांच्या मागे, जमेल तितके मध्याकडे सरकवले आहे. कावड आहे, पण दांडी आखूड केली आहे.

मिउराचे दोष सुधारण्यासाठी स्तान्झानी यांनी पुढच्या गाडीत इंजिन उभे वळवले आणि गिअरबॉक्स त्याच्या पुढे, दोन आसनांच्या मध्ये आणली. गिअरचा दांडा त्यामुळे थेट चालकाच्या हाताखाली आला आणि वजन मधोमध राहिले. ही कुंताश. तिचा नमुना १९७१ मध्ये दिसला, विक्री १९७४ मध्ये सुरू झाली आणि १९९० पर्यंत चालली. कुंताश हा पिएमोंते भागातल्या बोलीतला आश्चर्योद्गार, आपल्याकडच्या ‘अबब’च्या जातीचा. मागचे काही दिसत नसल्यामुळे गाडी मागे घेताना चालक वर उघडणारे दार उचलून, उंबऱ्यावर बसून, मान बाहेर काढून पाहत असे. मागे लावलेला प्रचंड पंख हवा दाबून चाके जमिनीला चिकटवण्यासाठी असतो, पण कुंताशवर तो मुख्यतः ऐट म्हणून विकला गेला आणि त्याने तिचा सर्वोच्च वेग उलट कमीच झाला.

नावांतच हिशेब असतो

या गाड्यांच्या नावांतले आकडे पाहून गोंधळलेल्यांसाठी थोडेसे. फेरारीची जुनी नावे एका सिलिंडरची क्षमता सांगतात: २५० गुणिले बारा म्हणजे तीन लिटर. नंतरची काही नावे लिटर आणि सिलिंडर जोडून होतात: ३०८ म्हणजे तीन लिटर, आठ सिलिंडर, २९६ म्हणजे २.९ लिटर, सहा सिलिंडर. लॅम्बोर्गिनीच्या नावातले ‘एलपी’ म्हणजे इंजिन उभे आणि मागे. हा लेख ज्या प्रश्नावर लिहिला आहे, त्याचे उत्तर त्यांनी नावातच घालून ठेवले.

तेल, कर आणि लोहाराचा भाता

१९७३ च्या तेलसंकटाने पेट्रोल महाग झाले आणि अशा गाड्यांची मागणी आटली. फेरुच्चो यांनी १९७२ ते १९७४ च्या दरम्यान आपली कंपनी विकून टाकली. ती १९७८ मध्ये दिवाळखोरीत गेली. फेरारीने १९६९ मध्येच निम्मी मालकी फियाटला देऊन आधार शोधला होता.

इटलीत त्या काळी दोन लिटरपेक्षा मोठ्या इंजिनाच्या गाडीवर लहान गाडीच्या जवळजवळ दुप्पट विक्रीकर होता. कराने गाडीचा आकार कसा ठरतो हे आपल्याला समजावून सांगायला नको. लांबी चार मीटरच्या आत बसवण्यासाठी सेडानची डिकी कापलेल्या कितीतरी गाड्या आपल्या रस्त्यांवर फिरतात. फेरारीनेही १९८० मध्ये २०८ नावाची दोन लिटरची गाडी काढली, पण १५५ अश्वशक्तीची फेरारी कोणाला हवी होती? १९८२ मध्ये तिला टर्बो जोडला, आणि फेरारीची रस्त्यावरची पहिली टर्बो गाडी अशी कर चुकवण्याच्या गरजेतून जन्मली.

टर्बो म्हणजे इंजिनासाठी लोहाराचा भाता. भात्याने वारा घातला की तेवढाच कोळसा जास्त धगधगतो. तसेच सिलिंडरात जास्त हवा कोंबली की जास्त इंधन जाळता येते. हा भाता बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो, म्हणून तो फुकटात चालतो. त्याची खोड अशी की पायाने दाबल्यावर धूर वाढायला, पंखा फिरायला आणि हवा यायला थोडा वेळ जातो, आणि मग सगळी ताकद एकदम अंगावर येते.

याच काळात शर्यतीच्या एका नव्या वर्गासाठी नियम होता की गाडीचे किमान २०० नग तयार झाले पाहिजेत. अशा अटीला होमोलोगेशन म्हणतात. शर्यतीत उतरवायची गाडी थोड्या संख्येने का होईना, गिऱ्हाइकांसाठीही बनवलेली असावी, हा तिचा हेतू. या अटींशी फेरारीचे जुने नाते आहे. १९६२ च्या २५० जीटीओ या गाडीला १०० नगांची अट होती आणि बनले फक्त ३६; ही नवी गाडी नसून जुन्या २५० चीच सुधारित आवृत्ती आहे, असे सांगून वेळ निभावली. १९८४ च्या २८८ जीटीओ मात्र २७२ झाल्या, पण ज्या शर्यतीसाठी त्या केल्या ती कधी भरलीच नाही. तिच्यासाठी चाललेल्या कामातून १९८७ मध्ये एफ४० आली: २.९ लिटरचे आठ सिलिंडर, दोन टर्बो, ४७८ अश्वशक्ती, कोरडे (म्हणजे इंधन-तेल न भरता) वजन सुमारे १,१०० किलो आणि ताशी ३२० किलोमीटरपलीकडचा वेग. अंग कार्बन आणि केव्हलरच्या धाग्यांचे, आत गालिचा नाही, दार उघडायला एक दोरी. ब्रेक चाक जाम होऊ देत नाहीत ती एबीएस यंत्रणाही नाही. एन्झो यांनी हिरवा कंदील दाखवलेली ही शेवटची गाडी. १४ ऑगस्ट १९८८ रोजी ते गेले.

संगणक आला

पुढचा टप्पा मी थोडक्यात सांगतो, कारण त्यातली नवलाई आता प्रत्येक गाडीत पोचली आहे. १९८९ मध्ये फेरारीच्या फॉर्म्युला वन गाडीत क्लच न दाबता, स्टिअरिंगमागच्या पट्ट्या ओढून गिअर बदलण्याची सोय आली आणि नायजेल मॅन्सेल यांनी पहिल्याच शर्यतीत ती जिंकून दाखवली. १९९७ मध्ये ती ३५५ या रस्त्यावरच्या गाडीत उतरली. चाक घसरू लागताच इंजिनाला आवर घालणारे संगणक त्याच सुमारास रुळले. हंडेवालीचा हात धरायला आता सोबत कोणीतरी होते, आणि म्हणूनच मध्य-इंजिन गाडी अननुभवी श्रीमंताच्या हाती देणे कंपन्यांना परवडू लागले. जुने चाहते याबद्दल हळहळतात. मला त्यांचे दुःख समजते, पण एफ४० चा टर्बो वळणात एकदम जागा झाला तर काय होते हे ज्यांनी अनुभवले, ते कमी हळहळत असावेत.

मालक जर्मन, मग गाडी इटालियन कशी?

लॅम्बोर्गिनी १९९८ पासून जर्मनीच्या आउडीकडे आहे, आणि हुराकान या गाडीचे बरेच भाग आउडीच्या आर८ शी सामाईक होते. मग तिला इटालियन म्हणावे का? माझे उत्तर भूगोलाचे आहे. मारानेल्लो, मोदेना, सांतआगाता, बोलोन्या आणि पगानीचा कारखाना असलेले सान चेझारिओ ही सगळी गावे एमिलिया-रोमान्या या एकाच प्रांतात, एकमेकांपासून तासाभराच्या अंतरात आहेत. ओतकाम करणारे, गिअर कापणारे, चामडे शिवणारे तिथे एका कारखान्यातून दुसऱ्यात जातात. ओरासिओ पगानी हे तर अर्जेंटिनाहून आले, लॅम्बोर्गिनीत कार्बनचे काम केले आणि १९९९ मध्ये जर्मन इंजिन बसवून झोंडा काढली. इचलकरंजीत माग घालणारा कुठूनही आलेला असो, कापड इचलकरंजीचेच असते.

यावर कोणी विचारेल, की या श्रीमंती खेळण्यांनी तुमच्याआमच्या गाड्यांना दिले काय? प्रामाणिकपणे सांगायचे तर फार थोडे. मध्य-इंजिन इंग्रज कूपरचे, आडवे इंजिन मिनीचे, आणि डिस्क ब्रेक शर्यतीत गाजवले ते जॅग्वारने. फेरारीने ते बरेच उशिरा घेतले. इटालियनांचे कसब शोधापेक्षा जुळणीत आहे. दुसऱ्यांनी स्वस्त किंवा हलक्या गाडीसाठी काढलेली युक्ती उचलून ती बारा सिलिंडरांच्या धाडसाला जोडायची, आणि वर असे रूप द्यायचे की मूळ कल्पना कोणाची हे कोणी विचारू नये.

बॅटरीने कोणाची जागा घेतली?

धुराचे नियम कडक होत गेले तशी इंजिनाला विजेची जोड आली. २०१३ च्या लाफेरारी मध्ये ८०० अश्वशक्तीचे इंजिन आणि १६३ अश्वशक्तीची मोटर होती. अशा जोडगाडीला हायब्रिड म्हणतात. मोटर पायाखालून आज्ञा मिळताच, क्षणाचाही उशीर न लावता जोर लावते. टर्बोचा भाता जागा होईपर्यंतची पोकळी मोटरने भरून काढता येते, म्हणून पुढच्या २९६ जीटीबी सारख्या गाड्यांत लहान टर्बो इंजिन आणि मोटर यांचे लग्न इतके जमले.

पण बॅटरी जड असते, आणि जड वस्तू आली की जुना प्रश्न परत येतो. २०२३ च्या लॅम्बोर्गिनी रेव्हुएल्तो मध्ये त्याचे उत्तर दिसते. बारा सिलिंडरांचे इंजिन, तीन मोटरी, एकूण १,०१५ अश्वशक्ती. कुंताशपासून गिअरबॉक्स जिथे होती, त्या दोन आसनांमधल्या बोगद्यात आता बॅटरी बसली, आणि गिअरबॉक्स इंजिनाच्या मागे, आडवी करून ठेवली. जवळजवळ पन्नास वर्षे मोक्याची मानलेली जागा बॅटरीला देण्यात आली. गाडीचे कोरडे वजन मात्र १,७७२ किलो झाले. १२५ एस च्या अडीचपटीहून जास्त.

मग इंजिनच नसेल तर?

पूर्ण विजेच्या गाडीत जड वस्तू म्हणजे बॅटरी, आणि ती इंजिनासारखी एक अखंड ठोकळा नसते; तिचे तुकडे करून जमिनीलगत पसरता येतात. मधोमध आणि खाली. वजनाच्या जागेचा प्रश्न इतक्या मोकळेपणाने सोडवायची मुभा कोलोंबो किंवा दाल्लारा यांना कधीच मिळाली नव्हती. मारानेल्लोत दाखवलेल्या सांगाड्यात प्रत्येक चाकाला वेगळी मोटर आहे, त्यामुळे वळणात बाहेरच्या चाकाला अधिक जोर देऊन गाडी वळवताही येते. किंमत मोजली आहे ती वजनात: सुमारे २,३०० किलो. जागेचा प्रश्न सुटला आणि वजनाचा उलट बिकट झाला, असे मी म्हणेन.

सरळ रस्त्यावरचा झपाटा हा आता फेरारीचा मक्ता राहिलेला नाही, हा आक्षेपही खरा आहे. चार दारांची घरगुती विजेची गाडीही आज सिग्नलवरून मिउराला सहज मागे टाकते. कंपनीलाही गिऱ्हाइकांचा कल कळतो आहे. २०३० पर्यंत आपल्या गाड्यांच्या प्रकारांपैकी ४० टक्के विजेचे असतील असे फेरारीने २०२२ मध्ये जाहीर केले होते. २०२५ मध्ये तो आकडा २० टक्क्यांवर आणला, आणि ४० टक्के हायब्रिड, ४० टक्के निव्वळ इंजिनाचे राहतील असे सांगितले.

राहता राहिला आवाज. लाउडस्पीकरवर जुन्या बारा सिलिंडरांची ध्वनिफीत लावणे सर्वांत सोपे होते, आणि ते खोटे ठरले असते. मारानेल्लोच्या अभियंत्यांनी मागच्या चाकांच्या यंत्रणेवर थरथर टिपणारा एक संवेदक बसवला आहे. फिरणाऱ्या मोटरी आणि गिअर यांची जी खरी कंपने होतात ती तो पकडतो, आणि इलेक्ट्रिक गिटारच्या तारेचा क्षीण नाद जसा अ‍ॅम्प्लिफायरमधून मोठा होतो तशी ती गाळून, मोठी करून चालकाला ऐकवली जातात. कोलोंबोंच्या इंजिनाने सेकंदाला शेकडो स्फोटांतून जो पंचम लावला, तो यात ऐकू येणार नाही. जे ऐकू येईल ते त्या यंत्राचे स्वतःचे असेल.